मामूंच्या गुलाबांवरची फवारणी

आत्तारांच्या घरात दिवस उजाडायचा तो लोट्याच्या आवाजानं. परसातल्या विहिरीशेजारी एक काळा घडवलेला दगड होता. त्यावर बसून मामू पहाटेच्या नमाजाआधी वजू करायचे, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुद्ध व्हायचे. तांब्याचा लोटा दगडावर टेकल्याचा टण्ण आवाज, मग पाण्याची धार, मग चूळ भरल्याचा आवाज, मग पुन्हा टण्ण. मी पुढच्या खोलीत घोंगडीत तोंड खुपसून ते ऐकायचो. पहिले पंधरा दिवस दर पहाटे मला वाटायचं, की आपण आपल्याच गावी आहोत आणि मागीलदारी आई दगडी डोणीतून पाणी काढते आहे. डोळे उघडले की वर नळ्यांच्या कौलांऐवजी मातीचं धाबं दिसायचं. माझं गाव खाडीच्या काठी, आणि हे शिरूर. तेव्हा जुनी माणसं त्याला घोडनदीच म्हणायची. नदीच्या नावाचं गाव म्हणून मी मोठ्या आशेनं आलो होतो. आलो तेव्हा नदीत माणसं बैलगाड्या हाकत होती.

वडील गेल्यावर सहावीतून शाळा सुटली आणि चार ठिकाणी काहीबाही केल्यावर मला मलेरियाच्या फवारणीत काम मिळालं. आमची टोळी सहा जणांची. बादलीत उभा करायचा एक पितळी पंप असे. एकानं दांडा मारायचा आणि दुसऱ्यानं लांब नळी धरून भिंतीवर पांढरं डीडीटीचं पाणी उडवायचं. मी नळीवाला होतो. घरोघर जायचं, लोकांना भांडीकुंडी झाकायला लावायची, पिठाचे डबे अंगणात काढायला लावायचे, आणि फवारून झालं की दारावर गेरूनं तारीख टाकायची. आमची पाठ वळली की बायका भिंतीवर शेणामातीचा हात फिरवून आमचं सगळं काम पुसून टाकत. डास मेले की नाही कोण जाणे, पण ढेकूण मरत नाहीत अशी तक्रार मात्र प्रत्येक घरात. "सरकारची पावडर, सरकारसारखीच. पांढरीफेक दिसती, करत काय न्हाई," असं एका म्हातारीनं आमच्या साहेबांच्या तोंडावर सांगितलं होतं. टोळीतले बाकीचे जवळपासच्या गावचे, ते शनिवारी घरी पळायचे. मी कुठं पळणार? म्हणून साहेबांनी मला आत्तारांकडे ठेवलं. आत्तार म्हणजे सुरमा, काजळ, उदबत्त्या आणि बांगड्या विकणारे. दर बाजाराला मामू पेटारी घेऊन तळेगाव ढमढेऱ्याला आणि दौंडकडे राहूला जायचे.

त्यांना सगळी आळी मामू म्हणायची आणि त्यांच्या बायकोला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. हे नातं कसं जुळतं असं मी एकदा विचारलं, तर मामू म्हणाले, "आळीला इचार. आमच्या लग्नाच्या आधीपास्नं म्हणत्यात." मामू उंच, वाळके, दाढीला मेंदी लावलेले. खाला ठेंगणी, सतत काहीतरी निवडत, पाखडत, कांडत असलेली. ती आपसात दखनी बोलायची आणि माझ्याशी मराठी. माझं बोलणं ऐकून त्यांची आठ वर्षांची नात मुन्नी हसून लोळायची. मी "इलो", "खंय" म्हटलं की ती दिवसभर तेच म्हणत फिरायची. सुरुवातीला मी माझा भात वेगळा शिजवायचो. आईनं पत्रात विचारलं होतं, जेवतोस कुठे, कोणाच्या हातचं. माझा भात रोज खाली लागायचा आणि वर कच्चा राहायचा. आठवडाभर खालानं तो वास सोसला. मग एके दिवशी माझ्या चुलीवरचं पातेलं उचलून तिनं कोंबड्यांपुढे ओतलं, कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही, आणि ती म्हणाली, "बघ. आता गुमान भाकरी खायला बस." ज्वारीची पांढरी भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि लसणाची चटणी. त्या दिवशी मी आईला लिहिलं, एका चांगल्या घरी जेवतो. खोटं काहीच लिहिलं नाही.

त्या घराचा जीव होता परसातल्या गुलाबांमध्ये. छत्तीस झाडं, विहिरीपासून मागच्या कुडाच्या कुंपणापर्यंत तीन रांगांत. फिक्या गुलाबी रंगाचा देशी गुलाब, आखूड देठाचा, पाकळ्यांनी गच्च भरलेला. दिसायला आजच्या दुकानातल्या फुलांसारखा ऐटबाज नाही, पण वास असा, की गल्लीच्या तोंडाशी माणूस थबकायचा. पाकळ्यांचा गुलकंद खाला घरीच घालायची. चिनी मातीच्या बरणीत पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर देऊन महिनाभर उन्हात. पण फुलांचं खरं काम वेगळं होतं. गावाबाहेर माळावर पीरसाहेबांचा दर्गा होता. चैत्रात तिथं उरूस भरायचा, आणि त्या दिवशी कबरीवर पहिली फुलांची चादर चढायची ती आत्तारांच्या परसातली. दोऱ्यात फुलं ओवून जाळीसारखी विणलेली, डोक्यापासून पायथ्यापर्यंत. मामूंच्या आज्यापासूनचा हा मान. त्याला अट एकच, फूल घरचं पाहिजे. विकत आणलेलं एकही चालायचं नाही. ज्या वर्षी आत्तारांना जमणार नाही, त्या वर्षी दुसरं घर चादर आणणार, आणि मग मान त्या घराचा. दोन घरं तशी टपून होती, असं खाला म्हणायची. मामू कधी म्हणायचे नाहीत, पण पौषात छाटणी झाली की ते रोज झाडांतून फिरताना ओठांतल्या ओठांत कळ्या मोजायचे.

माघात आभाळ चार दिवस मळभट राहिलं आणि कळ्यांवर मावा पडला. हिरवट, टाचणीच्या टोकाएवढे किडे, कोवळ्या शेंड्यांवर एकाला एक चिकटून. कळ्या वाकड्या झाल्या, पानं चिकट झाली, त्यावर मुंग्यांची रांग लागली. मामू चुलीतली राख आणून उधळायचे, खाला तंबाखूचं पाणी मारायची. मावा दोन दिवस कमी व्हायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. मामूंनी माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मागितलं असतं तर कदाचित मी भ्यालो असतो, कारण दिवसाच्या शेवटी बादलीत उरलेलं पाणी खड्ड्यात ओतायचा आम्हाला हुकूम होता. पण त्या घरचं मी चार महिने खात होतो, आणि मला द्यायला माझ्याजवळ दुसरं काय होतं? एका संध्याकाळी उरलेली अर्धी बादली मी पंपासकट झाकून घरी आणली आणि म्हणालो, "मामू, तुमचे गुलाब मला द्या दोन घटका."

मुन्नीनं दांडा मारला, मी नळी धरली. चौतीस झाडं अशी न्हाऊ घातली की पानं चुना लावल्यासारखी पांढरी झाली. दोन झाडं राहिली, वजूच्या दगडाला लागून असलेली. मामू तिथं हात आडवा धरून उभे राहिले. "हितं नको. हितं मी तोंड धुतो," म्हणाले. तिसऱ्या दिवशी मावा वाळून गळून पडला. कळ्या सरळ झाल्या. मामूंनी मला आळीत मिरवायचंच बाकी ठेवलं. शेजारचे गणूआप्पा परीट कपड्यांचं गाठोडं खांद्यावरून न उतरवता कुडापलीकडून म्हणाले, "सरकारी पोरगं कामाचं निघालं की वो मामू. आता ढेकणांचं बी बघा म्हणावं जरा." आठवड्यानं फुलं उमलली, त्या रात्री जेवताना खालानं माझ्या भाकरीवर तुपाची धार धरली आणि गुलकंदाची नवी बरणी दाखवली. पहिल्या बहरातल्या फुलांची, माझ्या फवारलेल्या फुलांची. मी इतका फुगलो होतो, की त्या बरणीकडे बघून मला काहीच सुचलं नाही.

फाल्गुन लागला, ऊन चढलं, आणि झाडांचा रंग बदलायला लागला. आधी वाटलं धुरळा बसलाय. पानं वरून बारीक ठिपक्यांची, राखट, मग तांबूस, जशी तव्यावर पोळावीत. हात लावला की गळायची. पान उलटं केलं तर मागं कोळ्याच्या जाळ्यासारखं पातळ काहीतरी, आणि त्यात लाल तांबडे कण. नुसत्या नजरेला ते कण कुंकवाचे वाटावेत, पण टक लावून पाहिलं तर हलत होते. गावात कुणी म्हटलं उष्णता, कुणी म्हटलं दृष्ट लागली. उरुसाला दीड महिना होता. मामूंनी कळ्या मोजायचं थांबवलं, आणि एका सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दत्तू, आज दोन बादल्या आणशील का रं? त्या येळंला अर्ध्या बादलीतच काम झालं. आता दोन मारू."

मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "अरे पावडर आहे ती, सगळ्याला मारते. जास्त दाट मार." मी संध्याकाळी बादली भरूनही ठेवली होती. पण मी मूळचा भित्रा माणूस. भित्र्या माणसाला एक सवय असते, तो प्रत्येक गोष्ट चार वेळा निरखतो, कुठं काही चुकलं तर आपल्या अंगावर येईल म्हणून. नळी धरण्याआधी मी छत्तीसही झाडं एकेक करून पाहिली. चौतीस तांबडी. वजूच्या दगडाजवळची दोन हिरवीगार. त्या दोन झाडांची पानं उलटी केली. जाळं नाही, लाल कण नाहीत. शेंड्यावर थोडा मावा होता, आणि त्या माव्यात मसुरीच्या डाळीएवढे लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे चार-पाच किडे चरत होते. आमच्या गावी पोरं त्यांना हातावर चालवत खेळतात. बाकीच्या चौतीस झाडांवर मी तो किडा शोधला. एकही नव्हता. माझ्या नळीच्या पाण्याखाली मावा मेला होता, तसा हाही मेला होता, आणि जो लाल कण मरत नव्हता त्याला खायला आता कुणी उरलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, त्या दोन झाडांच्या पानांवर दिवसातून पाच वेळा मामूंच्या हातांचं आणि तोंडाचं पाणी उडत होतं.

आज हे कुणीही सांगेल. पुढं मी दौंडला आयुष्यभर बागांचं काम केलं, तिथं मला शेती खात्याच्या एका माहितीपत्रकात हे छापलेलं वाचायला मिळालं. त्या कणांना लाल कोळी म्हणतात, पाण्यानं ते धुऊन जातात, आणि काही विषांनी उलट वाढतात. आता नातू दुकानातून बाटली घेऊन येतो आणि मी आधी पान उलटं करून बघतो, तेव्हा तो म्हणतो, आजोबा, तुम्ही सुरुवातच मागून करता. पण त्या संध्याकाळी मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सहावी सोडलेला मुलगा मी, साहेब एक सांगतो आणि झाडं दुसरं सांगतात. गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. ऊन आहे, दृष्ट आहे, सगळं माझ्या बाजूनं होतं. बोललो तर ज्या घरानं मला जेवू घातलं त्याच घराचा तीन पिढ्यांचा मान मी घालवला, हे मला माझ्याच तोंडानं सांगायचं होतं. आणि मग जायचं कुठं?

मामू वजू करून उठले तेव्हा मी बादलीपाशी उभा होतो.

"मामू, पावडर नको मारायला."

"का? सायबानं दिली न्हाई?"

"दिली. पण हे तिच्यामुळंच झालंय. माझ्यामुळं."

मी त्यांना हाताला धरून झाड न् झाड दाखवलं. ठिपक्याचा किडा दाखवला. बोलता बोलता मला रडू आलं, आणि रडत रडत मी बरणीचंही सांगितलं. "आम्ही फवारताना लोकांचं पीठ बाहेर काढायला लावतो. आणि ती फुलं तुम्ही खाणार आहात." खाला दारात उभी होती. आत गेली, बरणी उचलून आणली, कुडाच्या कोपऱ्यात कुदळीनं खड्डा केला, आणि महिनाभर उन्हात फिरवलेला तो गुलकंद पालथा घातला. वर माती ओढली, पाय दिला. मग बरणी धुवायला विहिरीवर गेली. ती ओरडली असती तर मला सोसलं असतं.

मामू दगडावर बसले. म्हणाले, "आजपतूर आमच्या परसात किती किडे आले, गेले. ते कोन हायेत, काय खात्यात, मी कवा बघितलंच न्हाई. राख उधळायची, एवढंच ठावं. तू बघितलंस." मग उठले आणि म्हणाले, "आता कळलंय तर कळल्यावानी वाग. रडायचं उरुसानंतर बघू. सांग, काय करायचं?"

मला कुणी असं विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठा माणूस माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट बघत होता. मी म्हणालो, पानं धुवायची. मागून. रोज. आधी भरलेली बादली मी हुकमाप्रमाणे गावाबाहेरच्या खड्ड्यात रिकामी करून आलो, आणि मग अगदी तांबडी झालेली पानं आम्ही खुडून जाळली. पण पानाच्या मागं पाणी मारायचं कसं? लोट्यानं ओतलं तर ते वरूनच घरंगळायचं. सरकारी पंप मी हातात धरायला तयार नव्हतो, त्याच्या नळीत काय उरलं असेल याचा भरवसा नव्हता. हा प्रश्न सोडवला गणूआप्पांनी. कुडापलीकडून आमची धडपड बघत ते म्हणाले, "आरं, म्या इस्तरीला पानी कसं मारतो? तोंडानं. गाल फुगवायचं, ओठ असं आवळायचं. थुकायचं न्हाई, फुकायचं." आणि कुडावरून वाकून त्यांनी एका झाडाखाली असे तुषार उडवले, की पानाची पाठ दवात भिजल्यासारखी झाली. मी करून पाहिलं, सगळं पाणी माझ्या सदऱ्यावर. मुन्नीला मात्र पहिल्या दिवशीच जमलं.

तिथं मामू अडले. पीराला जाणारं झाड, त्याला उष्टं पाणी कसं मारायचं? दुपारभर घरात हाच वाद. शेवटी खालानं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "फूल कुठं आलंय अजून? पानाला कसलं उष्टं? गाय पानं खाती, तिला कोन हात धुवाया सांगतं?" मामूंनी तोडगा काढला. कळी दिसेपर्यंत तोंडानं. कळीनं रंग दाखवला की तोंड बंद. मग हातानं, रिठ्याच्या पाण्यात फडकं बुडवून. आणि पाणी? विहीर तळाला चालली होती. मामूंनी आपला वजूचा दगड हलवला नाही, पण त्याच्या उताराला परात ठेवली, आणि पाचही वेळचं पाणी त्या परातीत धरून झाडांच्या बुडाला घालायला लागले. खाला रिठे फोडून रात्रभर भिजत घालायची. मुन्नीनं काडीपेटी रिकामी केली, वजूच्या झाडांवरचे ठिपक्याचे किडे एकेक करून त्यात उचलले, आणि जिथं नवा पाला फुटला होता तिथं नेऊन सोडले. सोडताना प्रत्येकाला सांगायची, "जा, पोट भरून खा, पर हितंच राहा."

महिनाभर आमचं हे चाललं. सकाळी कामावर जाण्याआधी मी, दुपारी मुन्नी आणि खाला, संध्याकाळी आम्ही सगळे. गल्लीतली माणसं कुडाशी उभी राहून बघायची. "सरकारी मानूस गुलाबाला गुळण्या शिकवतोय," असं कुणी म्हटलं की दुसरा म्हणायचा, "मग, दात घासून झालं का त्यांचं?" माझे गाल रात्री दुखायचे. मी भाकरी चावत असताना खाला विचारायची, "आज किती झाडं केलीस?" आणि मी आकडा सांगितला की तेवढ्याच जोरात भाजी वाढायची. पंधराव्या दिवशी मी पान उलटं केलं, आणि त्याची पाठ कोवळ्या हिरव्या रंगाची, स्वच्छ होती. मी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. मग कुणाला न सांगता पुन्हा पहिल्यापासून सगळी पाहिली. हे मी फुशारकीनं लिहितो आहे असं वाटलं तर वाटू द्या. पुढं मी पुष्कळ बागा फुलवल्या, त्यातल्या काहींची वाहवाही झाली. पण त्या सकाळी त्या हिरव्या पाठीकडे बघून जे वाटलं ते पुन्हा नाही.

सगळी झाडं वाचली नाहीत. नऊ गेली. बाकीच्यांनी उशिरा कळ्या धरल्या, आणि उरुसाच्या आदल्या दिवशीपर्यंत आम्हाला खात्री नव्हती. उरुसाच्या पहाटे उजाडता उजाडता फुलं खुडली. घरातल्या आणि आळीतल्या बायका परसात बसून ओवायला लागल्या. दुपारी मामूंनी दोरीनं मोजलं. चादर वीतभर कमी पडत होती. खाला म्हणाली, विरळ ओवू. मामू म्हणाले, "नको. हाय तेवढी हाय. पर जाळी दाट पायजेल." तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर आम्ही निघालो. मामू पुढं, डोक्यावर फुलांची परात, मागं आळी. माझ्या अंगावर खालानं धुऊन दिलेला पांढरा सदरा. दर्ग्याच्या पायऱ्यांवर गर्दी होती, आणि टपून असलेल्या दोन घरांपैकी एकाचा कर्ता पुढंच उभा होता. चादर उलगडताच त्यानं बरोबर पाहिलं.

"मामू, औंदा आखूड झाली का चादर?"

"व्हय," मामू म्हणाले. "औंदा धुऊन आनलीया."

सगळ्यात मोठ्यानं हसले ते गणूआप्पा. त्यांच्या धंद्याचंच होतं ते. तो माणूसही हसला, आणि बाजूला झाला. विकतचं एकही फूल त्यात नाही हे त्यालाही दिसत होतं. आमच्या फुलांचा वास तिथं असलेल्या सगळ्या उदबत्त्यांवर चढला होता.

मी माझ्या चपला सांभाळत खांबाशी उभा होतो. आत जायचं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. मामूंनी मागं वळून हाक मारली, आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. तिघांच्या हातात बाकीची टोकं होती. आम्ही ती डोक्याकडून पायथ्याकडे पसरत नेली, पायथ्याशी वीतभर दगड उघडा राहिला, आणि तिथं मामूंनी नुसता आपला हात ठेवला. मग दर्ग्याची सेवा करणारे मुजावर दुवा मागायला बसले. ज्यांनी फुलं आणली त्यांची नावं ते मोठ्यानं घ्यायचे. मामूंचं घेतलं, खालाचं, मुन्नीचं. मग मामू त्यांच्या कानाशी वाकले. मुजावरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नाव?"

"दत्ताराम."

"आईचं नाव सांग. हितं आईच्या नावानं मागत्यात."

आमच्या गावी आईला सगळे आमचीच नावं जोडून हाक मारायचे, दत्तूची आई म्हणून. तिचं नाव मी फक्त पोस्टकार्डाच्या पत्त्यावर लिहायचो. कुणासमोर उच्चारायची कधी वेळच आली नव्हती. मी पुटपुटलो.

"मोठ्यानं सांग, बेटा. लई लांब जायचंय त्याला."

"भागीरथी," मी म्हणालो.

आणि त्या घुमटाखाली, भर गर्दीत, दोन्ही हात पुढं पसरून त्या म्हाताऱ्या मुजावरांनी माझ्या आईचं नाव घेतलं, आणि सगळ्या लोकांनी एकदम आमीन म्हटलं.